शार्कचे पर, पंगतीचा मान आणि पहिले शील



रविवारी बुद्धवंदनेनंतर आमच्या विहारात मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. पंचशीलातील पहिले शील, म्हणजे प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील, मी समजावून सांगत होते. नववीतल्या एका मुलाने हात वर केला. समुद्रात जिवंत शार्क माशाचे पर कापून घेतात आणि उरलेला मासा पुन्हा पाण्यात फेकून देतात, असे त्याने कोणत्याशा चित्रफितीत पाहिले होते. त्याने विचारले, "बाई, आपल्या घरी बोंबील शिजतो, सुकट शिजते. मग त्यांनी खाल्ले तर पाप आणि आपण खाल्ले तर जेवण, हे कसे?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न प्रामाणिक होता. त्या दिवशी मी दिलेले उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे या पाठात मांडते. वाचकांनी ते तपासून घ्यावे, कारण तपासल्याशिवाय काही स्वीकारू नये हीच तथागतांची शिकवण आहे.

१. प्रथम वस्तुस्थिती

शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील लहान जातींना आपल्या कोकण किनाऱ्यावर मुशी किंवा मोरी म्हणतात. या माशाच्या अंगात हाडे नसतात, सांगाडा कूर्चेचा असतो. त्याचा वंश चाळीस कोटी वर्षांपासून पृथ्वीवर आहे. शार्क म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नरभक्षक उभा राहतो. पण विनाकारण केलेल्या त्याच्या हल्ल्यात मरणारी माणसे साऱ्या जगात वर्षाला साधारण दहाच्या आतच असतात.

चीनमध्ये या माशाच्या परांचे सूप करण्याची चाल जुनी आहे. मिंग राजवटीच्या काळापासून ते श्रीमंतांच्या मेजवानीतील मानाचा पदार्थ समजले जाई. लग्नात किंवा व्यापाऱ्यांच्या भोजनात हे सूप वाढले नाही, तर यजमान कंजूष ठरे. १९८० नंतर चीनमध्ये पैसा वाढला, तशी या सुपाची मागणीही वाढली. हाँगकाँग ही परांच्या व्यापाराची मोठी पेठ झाली. आता एक गोष्ट लक्षात घ्या. पराला स्वतःची चव जवळजवळ नसते. वाळलेला पर भिजवून उकळतात आणि त्यातून शेवयांसारखे तंतू निघतात. सुपाला चव येते ती कोंबडीच्या किंवा डुकराच्या मांसाच्या रश्शाची.

हे पर येतात कोठून? खोल समुद्रात मैलोगणती लांबीची दोरी सोडून, तिला शेकडो-हजारो गळ लावून मोठी जहाजे ट्यूना मासा पकडतात. त्या गळांना शार्कही लागतो. त्याचे मांस स्वस्त आणि पर महाग. जहाजावरील शीतगृहातील जागा स्वस्त मांसाने भरू नये, म्हणून पर कापून ठेवायचे आणि धड समुद्रात लोटून द्यायचे, अशी रीत पडली. पुष्कळदा मासा त्या वेळी जिवंत असतो. परांवाचून त्याला पोहता येत नाही. शार्कच्या बऱ्याच जातींना कल्ल्यांतून पाणी खेळते राहण्यासाठी सतत पुढे पोहावे लागते. असा मासा तळाशी जातो आणि गुदमरून, रक्त वाहून किंवा दुसऱ्या माशांच्या तोंडी पडून मरतो.

२००६ साली परांच्या बाजारपेठेचा हिशेब घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार या व्यापारासाठी दर वर्षी २ कोटी ६० लाख ते ७ कोटी ३० लाख शार्क मारले जात होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासानुसार, खुल्या महासागरातील शार्क आणि त्यांच्या जवळच्या पाकट माशांची संख्या १९७० पासून शेकडा ७१ ने घटली आहे. बांगड्यासारखा मासा एका वेळी हजारो अंडी घालतो. शार्क उशिरा वयात येतो आणि त्याला पिल्ले थोडी होतात. काही जातींत तर गर्भ जवळजवळ दोन वर्षे पोटात असतो. म्हणून एकदा मोडलेला हा वंश लवकर सावरत नाही.

आपला देश यापासून दूर आहे असे समजू नका. जगात पुष्कळ शार्क पकडणाऱ्या देशांत भारताची गणना होते. आपल्याकडे बहुतेक मासेमार मासा अखंडच किनाऱ्यावर आणतात आणि त्याचे मांस खाल्ले जाते. पर मात्र परदेशी जात. केंद्र सरकारने २०१३ साली शार्क परांसकट अखंडच किनाऱ्यावर आणण्याचे धोरण ठरविले आणि २०१५ साली परांच्या निर्यातीवर बंदी घातली. तरीही २०१८ साली मुंबईत शिवडी येथे आणि गुजरातेत वेरावळ येथे मिळून सुमारे ८,००० किलो पर सरकारी यंत्रणेने जप्त केले. मुंबईचे एखादे गोदामही या साखळीतील कडी असू शकते.

२. दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखविण्यापूर्वी

वस्तुस्थिती कळली की मनात चीड येते. परंतु ती चीड कोणाविरुद्ध आहे, हे तपासून पाहिले पाहिजे. "हे चिनी लोक असेच, काहीही खातात," असे वाक्य आपल्या ओठांवर आले, तर तेथेच थांबावे. कारण हेच वाक्य या देशात पिढ्यानपिढ्या आपल्याबद्दल बोलले गेले आहे. एकीकडे मेलेले ढोर ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांवर लादायचे, त्यांना उपाशी ठेवायचे आणि दुसरीकडे ते मृतमांस खातात म्हणून त्यांना अमंगळ ठरवायचे, हा तो न्याय होता. मुंग्यांना साखर घालणारे हात तहानलेल्या माणसाला पाणवठ्यावरून हाकलीत होते. त्या अहिंसेला आपण अहिंसा म्हणत नाही.

मार्च १९२७ मध्ये महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. ते स्वाभिमानासाठी होते. हिणविणाऱ्यांपुढे मान तुकविण्यासाठी नव्हते. माझी आजी सांगे की ते सोडल्यावर घरात कित्येक रात्री नुसत्या कण्यांवर निघाल्या, पण पुन्हा कोणी त्याला हात लावला नाही. आपल्या पूर्वजांनी अन्नाविषयी नैतिक निर्णय घेतला, तो भुकेल्या पोटाने घेतला. म्हणून अन्नाचा आणि नीतीचा संबंध काय, हे बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. मात्र तो अधिकार कोणाला हीन लेखण्यासाठी वापरता येणार नाही.

शिवाय चिनी लोक सर्व एकच नाहीत. या सुपाविरुद्ध मोठा आवाज चिनी लोकांतूनच उठला. याओ मिंग या प्रख्यात बास्केटबॉलपटूने २००६ साली आपण हे सूप घेणार नाही असे जाहीर केले आणि पुढे त्यासाठी प्रचार केला. चीनच्या सरकारने २०१२ साली सरकारी मेजवान्यांतून हे सूप बंद करण्याचे ठरविले. २०१३ साली हाँगकाँगच्या सरकारनेही तसाच निर्णय घेतला. हाँगकाँगच्या रस्त्यांवर गोरगरीब लोक फार पूर्वीपासून मुगाच्या शेवया घातलेले असेच सूप वाटीतून आवडीने खात आले आहेत. त्यात पर नसतो.

तेव्हा आपल्याला न्याय करावयाचा आहे तो कृतीचा, एखाद्या जमातीचा नव्हे.

३. तत्त्व आणि नियम

मुलाच्या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. "जीव घेणे वाईट" हा नियम असेल तर तो बोंबलालाही लागला पाहिजे आणि शार्कलाही. नाहीतर तो दोघांनाही लागू नये. तर्क वरवर बिनतोड दिसतो.

येथे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केलेला भेद उपयोगी पडतो. भगवान बुद्धांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, नियम म्हणून नव्हे, असे ते दाखवून देतात. नियम माणसाला जखडून टाकतो. एक तर नियम मोडतो, नाहीतर माणूस मोडतो. तत्त्व माणसाला विचार करावयास लावते. त्याच ठिकाणी बाबासाहेब आणखी एक भेद करतात. गरजेपोटी मारणे वेगळे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे वेगळे. यज्ञात पशू कापणाऱ्याची एक टोकाची वाट आणि कोणत्याही परिस्थितीत कसलीही हिंसा न करण्याची दुसऱ्या टोकाची वाट, या दोहोंच्या मधून तथागतांचा मार्ग जातो.

काही जण या मध्यम मार्गाचा अर्थ "चालायचेच" असा घेतात. हा अर्थ चुकीचा आहे. नियम पाळणाऱ्याला एकदा नियम पाठ केला की पुढे विचार करावा लागत नाही. तत्त्व मानणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे लागते की येथे गरज किती आणि इच्छा किती? म्हणजे तत्त्वाने आपले काम हलके झालेले नाही, उलट वाढले आहे. दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. मासे खाणाऱ्या घरानेही ती घेतलेली आहे. तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी त्या घरावर आहे.

४. चार प्रश्नांची कसोटी

अशा वेळी चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते.

पहिला प्रश्न गरजेचा. हे अन्न पोटासाठी आहे काय? किनाऱ्यावरच्या कुटुंबाला मासा हे रोजचे अन्न आहे. घाटावरच्या मजुराच्या भाकरीबरोबरची चिमूटभर सुकट हेही त्याचे पोषण आहे. पराचे सूप कोणाची भूक भागविण्यासाठी केले जात नाही. त्याची चवही उसनी असते. ते प्यायले जाते ते महाग आहे म्हणून. उद्या ते मुगाच्या शेवयांइतके स्वस्त झाले, तर मानाच्या पंगतीतून ते आपोआप उठेल. ज्या वस्तूचे मोल केवळ ती दुसऱ्याला परवडत नाही यात आहे, तिच्यासाठी जीव घेणे ही गरज नव्हे. ती तृष्णा आहे आणि तिच्या पोटी मान, म्हणजे अहंकार, बसलेला आहे.

दुसरा प्रश्न रीतीचा. मारताना किती दुःख दिले जाते? धम्मपदाच्या दण्डवग्गात सांगितले आहे की दंडाला सर्वच भितात, म्हणून दुसऱ्याला स्वतःच्या जागी ठेवून पाहावे. पर कापून जिवंत धड पाण्यात लोटणे म्हणजे त्या जीवाला सुखासुखी मरणही न देणे होय.

तिसरा प्रश्न नासाडीचा. पर म्हणजे त्या माशाच्या अंगाचा अगदी लहानसा भाग. उरलेले सारे अंग, जे एखाद्या गावाचे अन्न झाले असते, ते फेकून दिले जाते. आपल्या घरी ताटात भाकरीचा तुकडा टाकला तर आई रागावते. तिचा तो राग शीलाचाच आहे.

चौथा प्रश्न परिणामाचा. उद्या काय उरेल? मोठे शार्क खालच्या माशांच्या संख्येवर अंकुश ठेवतात. ते संपले की समुद्रातील परस्परांचे संबंध विस्कटतात. हे असेल तर ते असते, हे नसेल तर ते नसते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त समुद्रालाही लागू आहे.

आता हेच चार प्रश्न आपल्या बोंबलाला लावा. पहिल्या तिन्हींत तो बहुधा उतरतो. चौथ्याचे उत्तर तितके सोपे नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ असतो. त्या काळात चोरून धरलेला मासा आपण हौसेने विकत घेतला, किंवा बारीक जाळ्यात आलेली पिल्ले स्वस्त म्हणून उचलली, तर आपण निर्दोष राहत नाही. कसोटी दुसऱ्यासाठी वेगळी आणि आपल्यासाठी वेगळी असू शकत नाही.

५. "मी तर मारले नाही"

मेजवानीत बसलेला पाहुणा म्हणेल, "मासा मी मारला नाही. पर मी कापला नाही. तो आधीच शिजलेला होता." या युक्तिवादाला काही जण जीवक सुत्ताचा आधार घेतील. जो प्राणी आपल्यासाठी मारला गेला असे भिक्खूने पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका त्याला असेल, त्याचे मांस त्याने घेऊ नये, आणि या तिन्ही बाबींत शुद्ध असेल ते घेण्यास हरकत नाही, असे त्या सुत्तात आहे.

पण ही मोकळीक कोणासाठी आहे? दारोदार फिरून, पात्रात पडेल ते घेणाऱ्या भिक्खूसाठी. तो निवड करीत नाही. उपासक पैसे देतो, म्हणजे निवड करतो. दुकानातील आजचा पर विकला गेला की व्यापारी उद्याचा पर मागवितो. आजचे गिऱ्हाईक उद्याच्या शार्कचे मरण ठरविते. शिवाय मानाच्या पंगतीत तो पदार्थ पाहुण्याच्या मानासाठीच असतो. "माझ्यासाठी नव्हते" असे तेथे कोण म्हणू शकेल?

दोषाची वाटणी करताना आणखी एक पथ्य पाळावे. पर कापणारा हात बहुधा गरीब देशातून आलेल्या खलाशाचा असतो. महिनोन्महिने तो जमीन पाहत नाही. पुष्कळ जहाजांवर परांच्या विक्रीतील वाटा हीच त्याच्या तुटपुंज्या पगारातील भर असे. त्याच्यापुढे पर्याय थोडे. जहाजाच्या मालकापुढे त्याहून अधिक, व्यापाऱ्यापुढे त्याहून अधिक, आणि मेजवानी देणाऱ्यापुढे सर्वांत अधिक. ज्याच्या हाती निवड अधिक, त्याची जबाबदारी अधिक. आपल्या समाजाने नेहमी उलटे पाहिले आहे. ढोर ओढणारा अमंगळ आणि त्या ढोराच्या कातड्याचे जोडे घालणारा पवित्र. हा उलटा न्याय आपण तरी समुद्रावर नेऊ नये.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्त या संदर्भात मुद्दाम वाचावे. मोठा यज्ञ करू पाहणाऱ्या ब्राह्मणाला भगवंत पूर्वीच्या एका राजाच्या यज्ञाची हकीगत सांगतात. त्यात गाई, बकऱ्या, कोंबड्या मारल्या गेल्या नाहीत, झाडे तोडली गेली नाहीत, आणि राबणारे सेवक दंडाच्या भयाने, डोळ्यांत आसवे घेऊन राबले नाहीत. भगवंतांनी पशूचे मरण आणि मजुराचे अश्रू एकाच ठिकाणी मोजले. पंगत किती मोठी झाली हे त्यांनी पाहिले नाही. ती कोणाच्या दुःखावर उभी राहिली, हे पाहिले.

६. कायदा आणि मन

कायदे पुष्कळ झाले. अमेरिकेने २००० साली आणि युरोपीय संघाने २००३ साली पर छाटण्याविरुद्ध कायदे केले. पुढे अनेक देशांनी तसेच केले. शार्कच्या अनेक जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आल्या. हे सर्व आवश्यकच होते. परंतु २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने डोळे उघडले. २०१२ ते २०१९ या काळात असे कायदे कित्येक पटींनी वाढले, तरी मासेमारीत दर वर्षी मरणाऱ्या शार्कची संख्या कमी झाली नाही. ती ७ कोटी ६० लाखांवरून ८ कोटींवर गेली. अखंड मासा आणण्याची सक्ती झाली, तेव्हा मांसालाही गिऱ्हाईक शोधले गेले. क्रूरतेची रीत बदलली, लोभ बदलला नाही.

आपल्याला याचे आश्चर्य वाटू नये. अस्पृश्यता घटनेने रद्द केली, म्हणून ती मनातून गेली काय? हक्कांचे खरे रक्षण समाजाची नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते, कायदा एकटा करू शकत नाही, हा विचार बाबासाहेबांनी रानडे यांच्यावरील १९४३ सालच्या व्याख्यानात मांडला होता. कायदा हवाच, पण त्याच्या मागे मन हवे.

मन बदलते याचा पुरावाही आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर देवमाशाएवढा प्रचंड पण निरुपद्रवी असा एक शार्क येतो. पूर्वी वेरावळकडे त्याची शिकार होई. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण खरा फरक पडला तो २००४ पासून, गावोगाव जाऊन कोळी बांधवांना समजावले गेले तेव्हा. त्याला 'व्हाली', म्हणजे लाडकी, असे नाव मिळाले आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली गेली. तेव्हापासून तेथील मासेमारांनी स्वतःची जाळी कापून असे शेकडो मासे सोडून दिले आहेत. जाळ्याची भरपाई सरकारने देऊ केली, हेही तितकेच महत्त्वाचे. गरिबाला नुसता उपदेश करून भागत नाही. करुणेची किंमत त्याने एकट्याने का भरावी?

७. आपल्या पंगतीकडे

वाचक म्हणेल, आपल्या वस्तीत शार्कच्या पराचे सूप कोण पितो? खरे आहे. पण ते सूप ज्या मनातून येते, ते मन आपल्याही वस्तीत आहे. मुलीच्या लग्नात पंगत लहान झाली तर नाक कापले जाईल, म्हणून व्याजाने पैसे काढणारा बाप आपल्यात आहे. पाहुण्यांना पाच पदार्थ वाढून चार उकिरड्यावर टाकणारी पंगत आपल्यात आहे. वाचनालयासाठी वर्गणी नसते, पण मटणाच्या देगी वाढत जातात. "लोक काय म्हणतील" हेच आपले पराचे सूप आहे. बौद्ध पद्धतीचा विवाह बाबासाहेबांनी साधा ठेवला. त्याचे कारण केवळ खर्च नव्हे. प्रतिष्ठा अन्नातून नव्हे, शीलातून येते, हे त्यामागे आहे.

त्या मुलाला आता माझे उत्तर असे आहे: बाळ, 'पाप' हा शब्द बाजूला ठेव. धम्म कुशल आणि अकुशल असे शब्द वापरतो. आपण बोंबील खातो म्हणून आपला बोलण्याचा हक्क जात नाही, आणि आपण शार्क खात नाही म्हणून आपण शुद्धही ठरत नाही. गरजेपुरते, कमीत कमी दुःख देऊन, काही न नासवता आणि उद्यासाठी राखून जो खातो, तो पहिल्या शीलाच्या वाटेवर आहे. नुसत्या मानासाठी जीव घेतो, तो त्या वाटेवर नाही, मग त्याचे ताट चांदीचे असो की पत्र्याचे. आणि पुढे तुझी करुणा वाढून तू मासाही सोडलास, तर ते तुझे पुढचे पाऊल असेल. मात्र ते पाऊल टाकल्यावर मागे राहिलेल्यांना तुच्छ लेखू नकोस.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. तत्त्व आणि नियम यांतील फरक आपल्या घरातील एखाद्या उदाहरणाने सांगा.
२. जीवक सुत्तातील मोकळीक उपासकाला जशीच्या तशी लागू होते काय? कारणे द्या.
३. कायदे वाढूनही शार्क मरण्याचे थांबले नाही. यावरून जातिनिर्मूलनाच्या कार्यासाठी कोणता धडा घ्यावा?
४. आपल्या वस्तीतील गेल्या वर्षीच्या एका समारंभाचा खर्च मांडा. त्यातील गरजेचा भाग किती आणि मानाचा किती, यावर विहारात चर्चा करा.

नमो बुद्धाय. जयभीम.